'उसकी' म्हणजे 'तिची' नव्हे हो

आमच्याकडं बेळगाव-खानापूर भागात कित्येक जण अजून सांगतात की हिंदीतलं 'उसका' म्हणजे त्याचं आणि 'उसकी' म्हणजे तिचं, साफ चूक आहे हे! 'उसकी गाडी' मधली 'की' गाडीमुळं आलीय, गाडी स्त्रीलिंगी ना, मग मालक बाप्या असो नाहीतर बाई. फ्रेंचमधलं त्याचं-तिचं, म्हणजे 'सों', 'सा', पण असंच वस्तूकडं बघून बदलतं. कन्नडचं उलटं, 'अवन मने' म्हणजे त्याचं घर, 'अवळ मने' म्हणजे तिचं घर, तिथं फक्त मालक बघतात, घर असो की गाडी शब्द तोच. तुर्कीत 'ओनुन', त्याचं-तिचं दोन्हीला एकच, भांडणच मिटलं. आपल्या मराठीला मात्र दोन्ही पायजे, 'त्याची बहीण', 'तिचा भाऊ', मालकाचं लिंग पुढं आणि वस्तूचं शेवटी, म्हणून तर आमचा कन्नड दोस्त अजून 'तिचा गाडी' म्हणतोय.