पार्श्वभूमी : ‘पीडित’ कोणाला म्हणायचे?

गुन्ह्याची झळ ज्याला बसली, त्याचे कोल्हापूरच्या न्यायालयातील स्थान दीर्घकाळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यापुरते होते. दंडाच्या रकमेतून त्याला भरपाई देण्याची सोय १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १९७३ च्या संहितेत ती कलम ३५७ म्हणून कायम राहिली. पण आरोपी दोषी ठरला तरच ती लागू होई.

२००८ ची दुरुस्ती ३१ डिसेंबर २००९ रोजी अमलात आली आणि कलम ३५७-अ नुसार भरपाईची जबाबदारी राज्यावर आली. खरा पेच मात्र त्याच दुरुस्तीतील व्याख्येने निर्माण केला. ज्या कृत्याबद्दल आरोपीवर दोषारोप ठेवला आहे, त्या कृत्यामुळे हानी किंवा इजा झालेली व्यक्ती म्हणजे ‘पीडित’, असे त्यात म्हटले होते. उलट कलम ३५७-अ आरोपीचा माग लागला नाही किंवा त्याची ओळख पटली नाही तरी पीडिताला अर्ज करण्याची मुभा देत होते. दोषारोपच नसेल तर अर्जदार पीडित कसा, हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नव्हता, कारण उपचारांचा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि दोषारोप निश्चित व्हायला कधी कधी वर्षे लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या व्याख्येतून दोषारोपाची ही अट गेली. हा बदल पंधरा वर्षे आधीच व्हायला हवा होता.

दरम्यान राज्याने ऑक्टोबर २०१३ मध्ये बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी ‘मनोधैर्य’ योजना आणली. तिच्यात ‘नुकसानभरपाई’ऐवजी ‘अर्थसहाय्य’ हा शब्द आहे. सुरुवातीला दोन ते तीन लाख असलेली मर्यादा २०१७ मध्ये दहा लाखांपर्यंत वाढली आणि निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाकडून विधी सेवेच्या जिल्हा यंत्रणेकडे गेला.

आरोपी निर्दोष सुटल्यास अपील करण्याचा पीडिताचा हक्कही २००९ अखेरचाच. पण सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाल्यापासून सहा जिल्ह्यांतील पीडितांना असे अपील येथेच दाखल करता येते.