उपटायचा नाही असा मुळा : बागेतली घट्ट माती मोकळी करण्यासाठी

या पुडीतला मुळा भाजीसाठी नाही. तो जमिनीतच कुजू द्यायचा असतो. उपटलात तर मातीला जवळपास काहीच मिळत नाही, म्हणून पेरण्याआधीच माळीबुवांना आणि सोसायटीतल्या हौशी मंडळींना हे सांगून ठेवा.

मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांच्या बागा भरावावर उभ्या आहेत. खाली डेब्रिज आणि मुरूम, त्यावर फूटभर लाल माती. बांधकामाच्या वेळी भरावावरून ट्रक फिरलेले असतात, शिवाय दर वर्षी चार महिने वरून पाऊस झोडपतो. वरची पाच-सहा इंच माती मऊ लागते आणि त्याखाली दगडासारखा थर असतो. पावसात पाणी वर तुंबते आणि मार्चनंतर तीच झाडे दुपारी माना टाकतात, कारण मुळे त्या थरावरच आडवी पसरलेली असतात.

आधी सळई घालून बघा. माती ओलसर असताना 8 मिलिमीटरची सळई हाताने सरळ खाली दाबा. अडकली, पण अंगाचा भार दिल्यावर हळूहळू सरकली, तर तो दाबलेल्या मातीचा थर आहे. तिथे मुळा उपयोगी पडतो. ‘टक्’ करून जागीच थांबली, आणि बाजूला दोन-तीन ठिकाणी तसेच झाले, तर खाली विटा किंवा काँक्रीट आहे. त्यावर मुळ्याचा इलाज नाही. पहार घ्या आणि तुकडे काढा.

लांब पांढऱ्या मुळ्याचा जाड भाग आठ ते बारा इंच जातो आणि त्याच्या टोकाचे दोऱ्यासारखे मूळ त्याहून बरेच खोल उतरते. सगळे कुजले की मातीत उभी भोके उरतात. पुढच्या पिकाची मुळे, पाणी आणि गांडुळे त्याच वाटेने खाली जातात. पाण्याबरोबर वाहून जाणारे नत्रही मुळा खालून ओढून पानांत साठवतो. मात्र हवेतले नत्र तो जमिनीत आणत नाही, ते काम कडधान्यांचे आणि मेथीचे. म्हणून आम्ही मिश्रण सुचवतो : 100 चौरस फुटांना 6 ग्रॅम मुळा आणि 20 ग्रॅम मेथी. नुसता मुळा पेरायचा तर 10 ग्रॅम पुरे. छोटा लाल गोल मुळा या कामाचा नाही.

<b>पेरणी.</b> पाऊस पुरता थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत. ऑक्टोबरच्या उकाड्यात ‘पुसा चेतकी’ ही मुळ्याची जात तग धरते. गारवा आल्यावर ‘जपानीज व्हाइट’ जास्त लांब जातो. जागेला निदान पाच तास ऊन हवे. दोन इमारतींच्या मधल्या सावलीत नुसता पाला वाढतो. वरची माती पंज्याने सैल करा, पूर्ण कुजलेले शेणखत चौरस फुटाला एक मूठ मिसळा. ताजे शेण नको, मुळ्याला फाटे फुटतात. बी अर्धा इंच खोल टाका. तीन ते पाच दिवसांत उगवते. बियांवर गुलाबी रंग असेल तर ते बुरशीनाशक आहे : हात धुवा, आणि असे बी मोड आणून खाऊ नका.

उगवल्यावर दहा-बारा दिवसांनी विरळणी करा आणि दोन रोपांत सहा इंच ठेवा. इथेच सगळ्यांचा हात आखडतो. दाट ठेवलेले मुळे बोटाएवढे राहतात आणि कडक थरापर्यंत पोहोचतच नाहीत. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर द्या, म्हणजे मूळ ओलाव्यामागे खाली जाते. पाणी तुंबू मात्र देऊ नका.

मावा पानांच्या मागे, कोवळ्या शेंड्याशी जमतो. आधी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने झोडा. पुन्हा आला तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. मुळ्याचा दोन-तीन इंच भाग मातीबाहेर आला तर घाबरू नका, या जातींची ती रीतच आहे. निम्म्याहून अधिक बाहेर असेल तर थर फारच कडक आहे. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा पेरा.

<b>कापणी.</b> थंड देशांतल्या व्हिडिओंत हे पीक बर्फात आपोआप मरते. आपल्याकडे जानेवारीतही ते मजेत वाढते, म्हणून हातानेच संपवावे लागते. पन्नास-पंचावन्न दिवसांनी, किंवा मधून फुलाचा दांडा दिसताच, खुरप्याने पानांच्या झुबक्याखाली अर्धा-पाऊण इंच मुळ्यासकट कापा. नुसता पाला कापलात तर आठवड्यात पुन्हा फुटतो. दांडा वर जाऊ दिलात तर डिंगऱ्या (मुळ्याच्या शेंगा) मिळतील, पण मुळा लाकडासारखा होतो आणि कुजायला फार वेळ घेतो. कापलेला पाला तिथेच पसरा, वर दोन इंच वाळका पालापाचोळा घाला. माती खणू नका. तयार झालेली भोके मोडतात.

आता वासाबद्दल. कुजणाऱ्या मुळ्यातल्या गंधकामुळे येणारा वास थेट गॅस गळतीसारखा असतो. सोसायटीच्या फलकावर आधीच सूचना लावा, नाहीतर कुणीतरी आधी तुम्हाला फोन करेल आणि मग अग्निशमन दलाला. अर्थात घरात गॅसचा वास आला तर तो मुळ्याचा आहे असे गृहीत धरू नका. पालापाचोळ्याचा थर जाड ठेवला तर बागेतला वास बराच दबतो. घुशींचा वावर असलेल्या जागी जाडजूड मुळे उरू देऊ नका, 40-45 दिवसांतच कापा.

कापणीनंतर तीन आठवड्यांच्या आत भेंडी, गवार, चवळी किंवा तांबडा माठ लावा. मुळा लवकर कुजतो, त्यातले नत्रही लवकर सुटते. वाफा रिकामा राहिला तर ते वाया जाते. कोबी, नवलकोल, मोहरी लगेच घेऊ नका, कुळ एकच असल्याने किडीही त्याच.

गच्चीवरच्या कुंड्यांसाठी ही पुडी घेऊ नका. कुंडीतली माती ओतून मोकळी करता येते. पावसाळ्यातही हा मुळा सडतो. जूनमध्ये 100 चौरस फुटांना 50 ग्रॅम ताग पेरा आणि फुलावर येताच, साधारण 45 दिवसांनी, कापून मातीत मिसळा. उरलेले मुळ्याचे बी मुंबईच्या दमट हवेत पुडीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवलेत तर पुढच्या हंगामाला चालते.