लिथियम आणि थायरॉइड: उशिरा लक्षात आलेली सूज

ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी मेलबर्नमध्ये उन्मादाच्या (मन बेभान उत्तेजित होण्याच्या आजाराच्या) १० रुग्णांना लिथियम हे औषध दिलं आणि १९४९ साली त्याची हकिगत छापली. तेव्हा थायरॉइडचा, म्हणजे मानेतल्या ग्रंथीचा, प्रश्न पुढे आलाच नव्हता. रोजची गोळी वर्षानुवर्षं घ्यायची, ही पद्धत पुढच्या काळातली. डेन्मार्कमध्ये मानसोपचारतज्ज्ञ मोगेन्स स्कौ यांनी उन्माद-डिप्रेशनचा आजार उलटू नये म्हणून लिथियम दीर्घकाळ चालू ठेवलं, आणि काहींची मान सुजलेली दिसू लागली. १९६८ साली त्यांच्या गटाने ३३० पैकी १२ रुग्णांना गलगंड झाल्याची नोंद केली.

लिथियम थायरॉइडमध्ये साठतं. तयार हार्मोन ग्रंथीतून रक्तात सुटण्याची वाट ते मुख्यत्वे अडवतं. रक्तात हार्मोन कमी पडलं की मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) वाढवते, आणि त्या रेट्याने ग्रंथी फुगते. (याच गुणामुळे अतिसक्रिय थायरॉइडवर, इतर औषधं चालत नसतील तर, कधीकधी लिथियमच वापरतात.)

पण गलगंड डोळ्यांना दिसतो तरी. टीएसएचची तपासणी सर्रास होऊ लागल्यावर थायरॉइड मंदावलेले पण सूज नसलेले रुग्णही सापडू लागले. त्यांत बायका जास्त, आणि थायरॉइडविरोधी अँटिबॉडी (शरीराने स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध बनवलेली प्रथिनं) आधीपासून असलेले. खरी फसगत इथेच होते. मरगळ, वाढलेलं वजन, सतत झोप, कशातच रस नाही. घरचे म्हणतात डिप्रेशन परत आलं, आणि गोळ्या वाढतात. त्यात थायरॉइड मंदावलं की मूत्रपिंडाचं कामही मंदावतं, त्यामुळे त्याच डोसवर रक्तातलं लिथियम चढू शकतं.

म्हणून टीएसएच लिथियम सुरू करण्याआधी आणि नंतर दर ६ महिन्यांनी तपासतात. वाढलेलं आलं तर फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) सोबत पुन्हा बघतात. गरज पडली तर थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) द्यायचं: सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर ४ तासांनी. ६ ते ८ आठवड्यांनी फेरतपासणी. एवढ्यासाठी लिथियम सहसा बंद करत नाहीत. एकदम सोडलं तर उन्माद उसळण्याची भीती मोठी. पुढे कधी डॉक्टरांनी ते थांबवलंच तर थायरॉक्सिनची गरजही पुन्हा तपासावी लागते, कारण ग्रंथी सावरू शकते.

केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर लॅबला आधी सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटंच कमी दिसतं.