देव मानत नाही, पण डोंगराला जातो

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी घरांत असा एक माणूस हमखास सापडतो. देवघरापुढं हात जोडत नाही, सत्यनारायणाच्या दिवशी नेमकं बाहेरचं काम काढतो. पण मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलची चौकशी सगळ्यांत आधी हाच करतो. का रे बाबा, तर म्हणे, "आईला एकटीला कसं पाठवायचं?" आपण ते निमित्त समजून सोडून देतो. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं संशोधन पाहिलं तर खरं उत्तर या वाक्यातच असावं असं मला वाटतं.

स्पेनमध्ये सान पेद्रो मानरिके नावाचं छोटं गाव आहे. तिथं दर जूनमध्ये एका रात्री लोक निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात, बरेचदा पाठीवर कुणाला तरी घेऊन. संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघ्यांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधली. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, चालणाऱ्याच्या ठोक्यांचा चढउतार आणि बाजूला नुसत्या बसलेल्या त्याच्या नातेवाईक-मित्रांच्या ठोक्यांचा चढउतार जुळत होता. गंमत बघायला आलेल्या परक्या पाहुण्यांचा मात्र जुळला नाही. निखारे तेच, गर्दी तीच. कोण किती भाविक, हा प्रश्न या मोजणीत नव्हताच. फरक पडला तो ओळखीपाळखीनं आणि नात्यानं.

मॉरिशसमधल्या तमिळ हिंदूंच्या कावडीच्या उत्सवातही असंच काहीसं दिसलं. लोक अंगात सुया टोचून, कावड खांद्यावर घेऊन तासन्‌तास चालत टेकडीवरच्या देवळात जातात. संशोधकांनी सहभागाबद्दल प्रत्येकाला तिथले २०० रुपये दिले आणि त्यातले हवे तेवढे गुपचूप दान करायची सोय ठेवली. नुसत्या सामुदायिक प्रार्थनेला आलेल्यांपेक्षा सुया टोचून घेतलेल्यांनी जास्त दिलं. आणि स्वतः काहीही न टोचता फक्त सोबत चालणाऱ्यांनीही हात आखडता घेतला नाही. म्हणजे सोबतीला गेलेला माणूस कोरडा परत येत नाही.

शरीरात काय होतं, याचा थोडा अंदाज ऑक्सफर्डच्या नावाड्यांवरून येतो. २०१० मधल्या प्रयोगात तीच खेळाडू मंडळी यंत्रावर एकदा एकेकटी आणि एकदा तालात, एकत्र वल्ही मारत होती. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून, कुठवर दुखणं सोसवतं ते पाहिलं. मेहनत तेवढीच, पण एकत्र केल्यावर सोसण्याची ताकद कितीतरी जास्त वाढली. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदना बोथट करणारी रसायनं याच्या मागं असावीत, असं मानतात. टाळ-मृदंगावर पावली घालत पंढरीला जाणाऱ्या दिंडीला किंवा चिंचलीच्या मायाक्काला ढोल-कैताळ वाजवत निघालेल्या जथ्याला हे नव्यानं सांगायला नको.

आता गर्दी. अलाहाबादच्या माघ मेळ्यात महिनाभर राहणाऱ्या कल्पवासींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. कडाक्याची थंडी, दाटीवाटी, रात्रंदिवस कर्णे. तरीही घरी परतल्यावर त्यांनी स्वतःच्या तब्येतीबद्दल आधीपेक्षा चांगलं सांगितलं. मेळ्याला न गेलेल्यांत असा बदल दिसला नाही. याच मेळ्यातला दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. यात्रेकरूंना एक अस्पष्ट गोंगाट ऐकवला. हा मेळ्याचा आवाज आहे, असं सांगितलं तेव्हा त्यांनी तो आवडीनं, जास्त वेळ ऐकला. शहरातल्या रस्त्याचा म्हटल्यावर तोच गोंगाट नकोसा झाला!

यल्लम्माच्या डोंगरावर या प्रयोगाचा अर्थ लख्ख कळतो. जोगुळभावीच्या कुंडात आंघोळ करून माणसं वर येतात, जागा मिळेल तिथं तीन दगडांची चूल मांडतात. भाकरी, वांग्याची भाजी, आंबील करून परडी भरतात. शेजारच्या चुलीवर अथणीचं किंवा धारवाडकडचं कन्नड कुटुंब असतं. मीठ संपलं तर तिथून येतं, काडेपेटी इकडून जाते. भंडाऱ्यानं कपाळं पिवळी झाली की कोण कुठल्या भाषेचा, हे चेहऱ्यावरून ओळखत नाही आणि 'उदो'चा गजर दोन्हीकडं सारखाच. एरवी पाटीवरच्या मराठी-कन्नड अक्षरांवरून डोकी तापणाऱ्या या पट्ट्यात पौर्णिमेपुरती परक्याची व्याख्या बदलते. सीमाप्रश्न त्यानं सुटत नाही, हेही खरंच.

भाबडेपणा मात्र नको. याच डोंगराच्या नावानं पिढ्यान्‌पिढ्या मुली देवीला सोडल्या गेल्या. त्याविरुद्ध कर्नाटकाला १९८२ साली देवदासी प्रतिबंधक कायदा करावा लागला, आणि कायद्यानंही ती प्रथा एका फटक्यात थांबली नाही. एकत्र चालण्यानं माणसं जोडली जातात, पण ती चांगल्यासाठीच जोडली जातील याची हमी कुठल्याच प्रयोगात मिळालेली नाही.

देवाशिवायही हे चालतं, याचा पुरावा पुन्हा स्पेनमध्येच आहे. सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या वाटेवर निदान शेवटचे १०० किलोमीटर पायी गेल्याशिवाय चालणाऱ्याला प्रमाणपत्र मिळत नाही. २०२४ मध्ये जवळपास पाच लाख यात्रेकरूंनी ते घेतलं. तिथं येण्याचं कारण विचारतात, आणि 'धार्मिक नाही' असं सांगणारेही भरपूर असतात.

कष्टाची अट तिथं नियमात आहे. आपल्याकडं लोक ती आपणहून घालून घेतात. कुणी लोटांगण घेतं, कुणी गाडी खालीच लावून डोंगर चढतं. माउलींच्या पालखी सोहळ्यात रिंगणात धावणारे अश्व तर आपल्याच चिकोडी तालुक्यातल्या अंकलीचे, शितोळे सरकारांचे. दरवर्षी ते तिथून आळंदीपर्यंत चालत जातात, मुक्काम करत, गावोगावची पूजा घेत. टेम्पोत घातले तर एका रात्रीत पोचतील आणि स्वस्तही पडेल. पण असं सुचवणाऱ्याला अंकलीत चहासुद्धा मिळणार नाही.