तुतीचा रंग टिकतो, तुती टिकत नाही

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून तुतीचं झाड आहे आणि मार्च उजाडला की त्याखाली गाडी लावायला कोणी तयार होत नाही, कारण दोन दिवसांत बॉनेटवर जांभळा सडा. पोरं मात्र दिवसभर तिथेच. परवा भाची मूठभर तुती खाऊन आली, हात लालजांभळे, म्हटलं जा साबणाने धू, तर धुता धुता डाग निळाकाळा झाला आणि ती घाबरली ना! लिंबाची फोड चोळायला दिली तर परत लाल. तिला वाटलं जादू.

जादूबिदू नाही, ते अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य. आंबट मिळालं की लाल, साबण किंवा खायचा सोडा मिळाला की निळं, जास्तच सोडा टाकला तर हिरवटसुद्धा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते ती याच मंडळींमुळे. तुतीत जे मुख्य आहे त्याचं नाव सायनिडिन-३-ग्लुकोसाइड, आणि गंमत म्हणजे आपल्या कोकमातही तेच आहे. स्ट्रॉबेरीत त्याचं भावंड असतं, पेलार्गोनिडिनवालं, म्हणून तिचा लाल रंग थोडा केशरीकडे झुकतो.

तर हा डाग पाडणारा रंग म्हणजेच ते सुप्रसिद्ध अँटिऑक्सिडंट. पेशींमध्ये ऑक्सिजनची काही आगाऊ रूपं तयार होतात, दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढतात, तेव्हा हे रेणू आपला इलेक्ट्रॉन देऊन त्यांना गप्प करतात. परीक्षानळीत हे झकास दिसतं. पोटात गेल्यावर मात्र अँथोसायनिनचा अगदी थोडा भाग जसाच्या तसा रक्तात पोचतो, बाकीचं आतड्यातले जिवाणू तोडून दुसरंच काहीतरी बनवतात. एके काळी अमेरिकेच्या कृषी खात्याने कुठल्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट ताकद याची आकड्यांची यादीच ठेवली होती, जाहिरातवाल्यांनी तिचा इतका बट्ट्याबोळ केला की २०१२ मध्ये ती काढून टाकली. त्यामुळे 'सुपरफूड' शब्द दिसला की मी तरी पुढे सरकतो. तुती खावी कारण ती छान लागते, आणि १०० ग्रॅममध्ये साधारण ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळतं हे वरचं.

माझा खरा प्रश्न वेगळाच होता. मागच्या उन्हाळ्यात पाचगणीहून येताना रस्त्यावर तुतीचे दोन डबे घेतले, डिकीत टाकले, वाईत जेवायला थांबलो, संध्याकाळी पुण्यात उघडले तर खालचा थर रसात पोहत होता आणि एक आंबूस वास. सकाळी तोडलेलं फळ संध्याकाळपर्यंत टिकू नये म्हणजे काय?

तुती नीट बघा. ते एक फळ नाहीच, मणी मणी दिसतात ना, तो प्रत्येक मणी म्हणजे एकेक वेगळं फूल, त्याच्या पाकळ्यांसारख्या भागाचाच गर झालेला. संत्र्याला साल आहे, केळ्याला जाड कोट आहे, हिला वरून असं काहीच नाही, आणि आत ८७-८८ टक्के पाणी. एक मणी फुटला की शेजारी भिजतात. शिवाय पेशीत रंग एका पिशवीत आणि त्याला तपकिरी करणारे एन्झाइम दुसरीकडे ठेवलेले असतात, दाबलं की दोघं एकत्र येतात आणि मग काळपट लिबलिबीत डाग. त्यात डिकीतली उष्णता. तोडलेलं फळही श्वास घेतं, साखर जाळतं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग दुप्पट-तिप्पट होतो.

मग बुरशी. स्ट्रॉबेरीवर ती राखाडी लव येते ती बॉट्रायटिस. ही बया कधी कधी फुलातच शिरते आणि फळ पिकेपर्यंत गपचूप बसून राहते, म्हणून डबा घेताना चकचकीत दिसलेलं फळ दोन दिवसांनी दाढी वाढवून बसतं, आणि चिकटून असलेल्या शेजाऱ्यालाही लावतं. म्हणून आणल्या आणल्या धुवायचं नाही, पाणी म्हणजे बुरशीला आमंत्रण. खराब झालेलं वेचून काढा, पसरट डब्यात कागदावर एकच थर, झाकण थोडं उघडं, फ्रीजमध्ये, आणि धुणं खायच्या आधी. सारखं आत-बाहेरही नको, गार फळावर लगेच दव धरतं. स्ट्रॉबेरीवाले शून्य अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता धरतात तेव्हा कुठे आठवडाभर निघतो. कॅलिफोर्नियात तर ट्रकमधल्या खोक्यांच्या थप्पीला प्लॅस्टिक गुंडाळून आत कार्बन डायऑक्साइड भरतात, बुरशी मंदावते.

कायटोसानचा लेपही देऊन बघतात, स्ट्रॉबेरीवर आणि तुतीवरही. पातळ पापुद्रा बसतो, पाणी कमी उडतं, बुरशीही दबते. फक्त हे बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या टरफलापासून काढतात, त्यामुळे उपासाला स्ट्रॉबेरी खाणाऱ्या आमच्या काकूंना मी अजून सांगितलेलं नाही. (अळंबीपासूनही निघतं, तेव्हा वाद मिटू शकतो.)

आता या सगळ्यात अँटिऑक्सिडंटचं काय होतं? लोकांना वाटतं की दोन दिवस फ्रीजमध्ये राहिलं म्हणजे 'सगळं सत्त्व गेलं'. क जीवनसत्त्व जातं, खरंय, विशेषतः उष्णतेत आणि दाबलेल्या फळात. पण अँथोसायनिन तेवढं भित्रं नाही. स्ट्रॉबेरी तर तोडल्यानंतरही आणखी लाल होत जाते, म्हणजे ती गोड होत नाही पण रंग बनवत राहते. बहुतेक वेळा फळ आधी मऊ पडतं, बुरशी धरतं, आपण फेकतो, आणि फेकताना त्यातला रंग बराचसा शाबूत असतो! उकळून जॅम केला की मात्र घटतो, आणि बाटली महिनोन् महिने बाहेर राहिली की तपकिरी होते ती त्यामुळेच.

आपल्याकडे हजारो शेतकरी तुती लावतात, पण पानासाठी, रेशीमकिड्यांना घालायला. जालन्याला कोषांचा बाजार भरतो, फळाचं नावही कोणी काढत नाही, कारण फांद्या सारख्या छाटल्या जातात.

मी आता जास्तीच्या तुती ताटात पसरून आधी फ्रीजरमध्ये कडक करतो आणि मग पिशवीत भरतो, म्हणजे गोळा होत नाही. डिसेंबरात काढल्या, विरघळल्यावर पार लगदा, कारण बर्फाच्या कणांनी पेशी फोडलेल्या, तशाच खायला काही मजा नाही. पण लगेच मिक्सरमधून काढून सरबत केलं, वर लिंबू पिळलं, आणि मातकट जांभळा ग्लास डोळ्यांदेखत लालभडक झाला.