शहरातल्या चित्रकाराची जागा: प्रेरणेच्या चर्चेमागचा इतिहास

मोठ्या शहरात काम करणाऱ्या चित्रकार-शिल्पकारांना काम कशातून सुचते, असे विचारले की गर्दी, वेग, रात्रीचे दिवे, अनोळखी चेहरे ही उत्तरे हमखास येतात. ती खरीच आहेत. पण जुना इतिहास चाळला तर या सगळ्याच्या आधी एक साधी गोष्ट येते: त्या माणसाला शहरात जागा कोणती मिळाली. खिडकी कशावर उघडत होती, छत किती उंच होते, भाडे किती वर्षे परवडणार होते. काय दिसले आणि केवढे काढता आले, हे बरेचसे त्यावर ठरत गेले.

एदो, म्हणजे आजचे टोकियो, 18व्या शतकात दहा लाखांच्या वर वस्तीचे होते आणि तिथल्या लाकडी ठशांच्या चित्रांचा विषय शहर हाच होता: पूल, पाऊस, नाटकगृहे. पॅरिस 1853 पासून पाडून नव्याने बांधले गेले. रुंद रस्ते झाले, कडेला उंच इमारती आल्या. 1874 मध्ये ज्या प्रदर्शनामुळे दृक्प्रत्ययवादाला, म्हणजे चित्रकलेतल्या इम्प्रेशनिझमला, नाव मिळाले, ते अशाच एका हमरस्त्यावरच्या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत भरले होते. त्यातल्या एका चित्रात तोच रस्ता वरून पाहिलेला आहे. माणसे ब्रशच्या काळ्या फटकाऱ्यांएवढी झाली आहेत. तळमजल्यावरून ते चित्र सुचले नसते.

खरा गुंता मात्र न्यूयॉर्कमध्ये झाला. ‘लॉफ्ट’ म्हटले की आपल्याला घरातला माळा आठवतो. तिथे या शब्दाचा अर्थ कारखान्याचा किंवा गोदामाचा अख्खा मोकळा मजला. सोहो भागात 19व्या शतकातल्या ओतीव लोखंडी दर्शनी भागांच्या इमारती होत्या. छत उंच, खिडक्या मोठ्या, माल चढवण्याची लिफ्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर छोटे उद्योग तिथून निघू लागले, शिवाय या भागातून दहा पदरी द्रुतगती मार्ग नेण्याची योजना अनेक वर्षे टांगलेली होती. ती 1969 मध्ये रद्द झाली. जे पडणार म्हणून सगळे धरून चालले होते, त्यात पैसा कोण घालणार? भाडी खाली आली आणि चित्रकार आत आले.

त्या मजल्यांनी कामच बदलले. शिल्प चौथऱ्यावरून उतरून थेट जमिनीवर आले. मालाच्या लिफ्टमुळे लोखंड आणि शिसे वर नेता आले. एका शिल्पकाराने 1968 मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवरची पाच मजली इमारतच घेतली आणि वस्तू कुठे, किती अंतरावर ठेवली आहे हाही कामाचाच भाग, हा विचार तिथल्या एकेका मजल्यावर मांडून पाहिला.

अडचण अशी की औद्योगिक इमारतीत राहणे बेकायदा होते. दिवसा स्टुडिओ म्हणून दाखवायचे, तपासनीस यायच्या आत पलंग आणि चूल लपवायची. 1961 मध्ये कलाकारांनी प्रदर्शनांवर बहिष्काराची धमकी दिल्यावर शहराने पहिली सवलत दिली: इमारतीबाहेर ‘ए.आय.आर.’, म्हणजे इथे कलाकार राहतो, अशी पाटी लावायची, म्हणजे आग लागल्यास आत माणूस आहे हे अग्निशमन दलाला कळेल. 1964 मध्ये कलाकारांना अशा इमारतींत राहू देणारा राज्याचा कायदा आला. 1971 मध्ये सोहोत राहणे कायदेशीर झाले, पण फक्त प्रमाणपत्र असलेल्या कलाकारांना.

इथून पुढचा वाद अजून मिटलेला नाही. कलाकार कोण? कायद्याच्या लेखी, जो चित्र, शिल्प वगैरे कलांमध्ये व्यावसायिक पातळीवर सातत्याने काम करतो आणि ज्याला तसा दाखला मिळाला आहे, तो. अर्जासोबत काम दाखवायचे आणि एवढी मोठी जागा का लागते हेही पटवून द्यायचे. मग लहान कागदावर काम करणाऱ्याने काय करायचे? पोटासाठी जाहिरातीची चित्रे काढणाऱ्याने? कलाकार वारल्यावर त्याच जागेत राहणाऱ्या पत्नीने किंवा पतीने? प्रेरणा कुठून येते हे कुणालाच नेमके सांगता येत नाही, आणि इथे एक कार्यालय तिला किती चौरस फूट लागतात हे ठरवत होते.

बाजू अशी मांडली जाते की प्रमाणपत्र नसते तर श्रीमंतांनी ती जागा लगेच घेतली असती. मला ते अपुरे वाटते. प्रमाणपत्राने वापर राखला, भाडे नाही. अंमलबजावणी ढिली पडत गेली, प्रमाणपत्र नसलेले लोक राहायला आले, कलादालने आली आणि त्यांच्यामागून महागडी दुकाने. भाडेकरूंना खरे संरक्षण दिले ते 1982 च्या लॉफ्ट कायद्याने, आणि त्याने तुम्ही कलाकार आहात का, असे विचारलेच नाही. हे दहा वर्षे आधी व्हायला हवे होते.

इतर शहरांत वाट वेगळी, दिशा तीच. लंडनमध्ये 1968 साली दोन चित्रकारांनी गोदीतल्या रिकाम्या गोदामात सामायिक स्टुडिओ मिळवले. बर्लिनमध्ये भिंत पडल्यावर 1990 मध्ये कलाकारांनी ताब्यात घेतलेली जुनी डिपार्टमेंट स्टोअरची इमारत 2012 मध्ये रिकामी करवली गेली. ज्यांना आत जागा नव्हती त्यांनी बाहेरची भिंत घेतली. न्यूयॉर्कच्याच लाँग आयलंड सिटी भागातल्या एका जुन्या कारखान्यावर मालकाच्या परवानगीने भित्तिचित्रे रंगत होती. 2013 मध्ये त्याच मालकाने ती एका रात्रीत पांढऱ्या रंगाने पुसली. कलाकृतींवरचे कलाकारांचे हक्क राखणाऱ्या 1990 च्या एका संघीय कायद्याच्या आधारे 21 कलाकारांना 2018 मध्ये 67.5 लाख डॉलर भरपाई मंजूर झाली, 2020 मध्ये ती अपिलात टिकली. इमारत तोवर पाडून झाली होती.

सोहोची अट 2021 च्या डिसेंबरात सैल झाली. कलाकारांसाठी राखीव घर आता साधे निवासी करून घेता येते. त्यासाठी दर चौरस फुटामागे 100 डॉलर कलानिधीत भरण्याची अट तेव्हा घातली गेली. हे शुल्क कुणी भरायचे आणि ते घ्यावे तरी का, यावरून प्रकरण न्यायालयात गेले. जुने प्रमाणपत्रधारक काही जण अजून त्याच मजल्यांवर, त्याच मोठ्या खिडक्यांशी काम करतात.