समुद्रतळाचे सबमरीन फॅन आणि सिस्मिक डेटा : ग्राहकांसाठी माहिती

त्र्यंबकेश्वरची गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या गाळाचा प्रवास मात्र तिथे थांबत नाही. किनाऱ्यापलीकडच्या उतारावर साचलेला गाळ सुटला की पाण्यात मिसळून वेगाने खाली धावतो आणि खोल, सपाट तळावर पसरतो. पंख्यासारख्या पसरलेल्या या गाळालाच सबमरीन फॅन म्हणतात. गंगा-ब्रह्मपुत्रेने घडवलेला बंगालचा फॅन जगातला सर्वांत मोठा, लांबी सुमारे ३,००० किलोमीटर. केजी-डी६ मध्ये (आंध्रच्या किनाऱ्यापलीकडचा, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायूचा ब्लॉक) २००२ साली सापडलेला वायूही समुद्रतळावरच्या प्राचीन वाहिन्यांनी आणलेल्या वाळूतच आहे. (ती वाळू नाशिकची, असं मात्र समजू नका. आपला बेसॉल्ट झिजला की काळी चिकणमाती होते. वाळू बनते ती मुख्यतः क्वार्ट्झ या खनिजाची, आणि ते त्यात जवळपास नसतंच.)

आमच्याकडे जहाज नाही, एअरगनही नाही. सर्वेक्षण दुसरे करतात, आम्ही नाशिकमध्ये बसून त्यांचा डेटा वाचतो. एअरगन म्हणजे दाबलेली हवा पाण्यात एकदम सोडून ध्वनी काढणारं यंत्र. हा ध्वनी तळाखालच्या थरांवरून परततो आणि जहाजामागच्या लांब केबलमधले हायड्रोफोन (पाण्यातले मायक्रोफोन) तो टिपतात. हाच सिस्मिक डेटा. त्यातून तयार झालेल्या छेदावर (थरांच्या उभ्या कापासारख्या चित्रावर) वाहिन्या, त्यांच्या दोन्ही काठांचे बांध आणि टोकाचे लोब (वाहिनी संपते तिथे पसरलेले वाळूचे थर) ओळखता येतात. थ्रीडी डेटा असेल तर वाहिनीची वळणं नकाशावर सरळ उमटतात. विस्कटलेल्या रेषांचा पट्टा बहुधा घसरून आलेल्या चिखलाचा असतो. तो आम्ही वेगळा दाखवतो.

सगळ्यांचा प्रश्न एकच : "इथे चमकतंय, म्हणजे वायू आहे ना?" चमक म्हणजे छेदावर उठून दिसणारा जोरदार प्रतिध्वनी. तेवढ्यावरून हो म्हणता येत नाही. वायू अगदी थोडा असला तरी चमक जवळपास तितकीच येते. शिवाय ध्वनीचा वेग सेकंदाला २,५०० मीटर आणि वारंवारता ४० हर्ट्झ धरली, तर साधारण १५ मीटरपेक्षा पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसत नाहीत. म्हणून अहवालात आम्ही आकाराबद्दल ठामपणे लिहितो, वाळू-वायूबद्दल शक्यतेच्या भाषेत.

छेदाची उभी बाजू मिलिसेकंदांत असते, म्हणजे ध्वनीला खाली जाऊन परत यायला लागलेला वेळ. विहिरीचे लॉग (खोलीनुसार खडकांची मोजमापं) आणि चेकशॉट (विहिरीत ठराविक खोलीपर्यंत ध्वनी पोचायला लागलेल्या वेळाची मोजणी) मिळाल्याशिवाय आम्ही खोली मीटरमध्ये देत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

काम देताना सेग-वाय फाइल (सिस्मिक डेटा साठवण्याचा प्रचलित फॉरमॅट), नेव्हिगेशन (सर्वेक्षणाच्या रेषा कुठे आहेत त्याची नोंद) आणि डेटा वापरण्याच्या परवानगीची प्रत द्यावी. जुन्या टूडी रेषांचे नुसते कागद असतील तर तेही चालतील. स्कॅनिंगचा खर्च आधी कळवू.